काळी ठेवायची, तांबडी काढायची

दिवाळी आली की लोकांना फराळ आठवतो. मला मेणबत्त्या आठवतात आणि डोकं उठतं.

तेवीस वर्षं मी जालन्यातल्या एका निवासी शाळेत शिल्पशिक्षिका होते. शाळा ज्या मुलांची होती, त्यांना तेव्हाच्या सरकारी कागदांत ‘मतिमंद’ म्हणत. आता शब्द बदलले आहेत आणि ते बरंच झालं, पण मी त्या काळाचं लिहिते आहे म्हणून तो एकदा लिहून टाकला. या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, “बाई, काहीतरी प्रेरणादायी लिहा.” मी म्हटलं, प्रेरणा शिल्लक नाही, राग आहे, चालेल का? ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

शिल्पशिक्षिका म्हणजे मूर्ती घडवणारी नव्हे. आमच्याकडे मूल अठरा वर्षांचं झालं की त्याचं नाव शाळेतून कमी व्हायचं आणि वसतिगृहातली त्याची गादी दुसऱ्याला मिळायची. त्या दिवसाच्या आत त्याला हाताला काहीतरी काम शिकवायचं, आणि तेही नाही जमलं तर निदान स्वतःचं स्वतः करता येईल इतकं तयार करायचं, हे माझं काम. शर्टाची बटणं, डावी-उजवी चप्पल, एसटीत बसणं आणि मुख्य म्हणजे बरोबर जागी उतरणं, अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणणं, मुलींना महिन्याचे चार दिवस सांभाळणं. चहा करणं हे तुम्हाला एक काम वाटतं. आम्ही त्याचे एकवीस तुकडे पाडले होते. त्यातला अठरावा तुकडा म्हणजे गाळणी सरळ धरणं, आणि तो एका मुलीला यायला सात महिने लागले. सात महिने मी सांडलेला चहा पुसला. तरी त्याचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो शहाण्यांचा.

आता मेणबत्त्यांचं सांगते. आमच्याकडे उद्योग तीनच. मेणबत्त्या, खडू आणि कागदी पाकिटं. हे कोणी ठरवलं देव जाणे. ज्या गावात लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्याच्या कंपन्या आहेत, धान्याचा एवढा मोठा मोंढा आहे, तिथं आमची मुलं खडू पाडायची. आमची मेणबत्ती जरा कलायची. दिवाळीत आम्ही टेबल मांडायचो तेव्हा बायका यायच्या, “किती गोड!” म्हणून घेऊन जायच्या आणि पेटवायच्या मात्र नाहीत. एका डॉक्टरीणबाईंच्या घरी शोकेसमध्ये मी आमच्या पाच वर्षांपूर्वीच्या मेणबत्त्या ओळीनं उभ्या पाहिल्या. त्यांना वाटलं मला आनंद होईल.

दुसरा वैताग फळवाटपाचा. कोणाचाही वाढदिवस असो, केळी आमच्याकडे. एकदा एका आठवड्यात चार वाढदिवस आले. आमची मुलं जीपचा आवाज ऐकला की न सांगता रांगेत उभी राहायची, केळं घ्यायची, हात जोडायची आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडं बघायची. मी तीन वर्षं डोकं फोडून ज्याला घड्याळ शिकवू शकले नाही, तो मुलगासुद्धा हे बिनचूक करायचा. एका कारखानदारांना मी फोटो झाल्यावर बाजूला घेऊन म्हटलं, “साहेब, केळी पुरे झाली. यातला एक जण कामाला घ्या.” ते दचकलेच. म्हणाले, “बाई, आमच्याकडं मशिनं हायेत. हात-बीत गेला तं कोन निस्तरंन?” पुढच्या वर्षी त्यांनी केळी दुप्पट पाठवली. माझ्या बोलण्याचा तेवढाच परिणाम झाला.

काम मिळायचंच नाही असं नाही. बदनापूरच्या स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवाल्यानं आमचा भगवान ठेवून घेतला. नुकताच अठराचा झालेला उंच पोरगा, गिलास असे विसळायचा की आरपार दिसावं. पंधरा दिवसांनी हॉटेलमालक वैतागून मला म्हणाला, “बाई, गिऱ्हाईक दोन घोट घेऊन जरा बोलायला मान वळवतं, तवर गिलास गायब! काल एका मास्तराचा तीनदा उचलला. तिसऱ्यांदा मास्तर रडकुंडीला आल्ते.”

चूक भगवानची नव्हती. मी शाळेत त्याला शिकवताना टेबलावर रिकामे गिलास ठेवायची आणि म्हणायची, “टेबलावर गिलास दिसला की उचल.” तो तेच करत होता. शेवटी तोडगा मालकानंच काढला. गिऱ्हाईक बाकड्यावरून उठलं की मगच गिलासाला हात लावायचा. भगवान दोन दिवसांत शिकला. मुलं आपण शिकवू म्हणतो ते शिकत नाहीत, आपण करून दाखवतो ते शिकतात, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं. पण मी हॉटेलमालकाचा चहा पिऊन, खूश होऊन परत आले.

आणि मग मथुरा.

मथुरा टेंभुर्णीकडची. तिच्या आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, बाप आसाराम मात्र थोडी जमीन करून आणि शेळ्या राखून स्थिर झालेला. अकरा वर्षांची असताना तो तिला आमच्याकडे सोडून गेला. बोलायची अगदी कमी. जेवायला बसली की उठायचं नाव नाही, कारण ती ताटातला भात निवडायची. शिजलेला भात! एकेक शीत बाजूला करून त्यात खडा आहे का बघायची. सगळी मुलं आचवून झोपायला गेली तरी ही ताटावर. दोन वर्षं मी तिच्यावर ओरडले. “अगं जेव गं बाई, जेव!” एक दिवस स्वयंपाकीणबाईंनी वैतागून तिच्यापुढं तूरडाळीचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “निवडायचंच हाय ना, मंग हे निवड.” तासाभरानं त्यांनी मला हाक मारली. डाळीत टरफल नाही, खडा नाही, किडकी डाळ नाही. मथुरा ताटाकडं वळून गुपचूप भात खात होती. मी ज्याला खोड म्हणत होते ते तिचं कसब होतं. दोन वर्षं मला दिसलं नाही, आणि पगार मात्र मी शिक्षिकेचा घेत होते.

तिथून माझ्या डोक्यात बियाण्याच्या कंपन्या आल्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कपाशीचं बी म्हणजे सरकी. संकरित सरकी शेतकरी मोजून-मापून, एका ठिकाणी एक बी अशी लावतो, त्यामुळं प्रत्येक बी उगवलंच पाहिजे. वरची लव काढून टाकली की चांगलं बी काळं दिसतं, कच्चं राहिलेलं तांबडं दिसतं. यंत्रं बरंचसं वेगळं करतात, पण शेवटची नजर माणसाची लागते. एमआयडीसीत अशा शेडमध्ये बाया ओळीनं पोत्यावर बसतात, पुढ्यात ताट, आणि दिवसभर एकच काम. काळी ठेवायची, तांबडी काढायची, फुटकी काढायची. शहाण्या माणसाला चार दिवसांत वेड लागेल. मथुरासाठी ते भात निवडण्यापेक्षा सोपं होतं.

मी आठ कंपन्यांचे उंबरे झिजवले. कुठं “साहेब बाहेरगावी गेले,” कुठं “पुढल्या हंगामात बघू.” एका ठिकाणी तर शिपायानं आतून दोन केळी आणून दिली. शेवटी एका गोदामाचे मुकादम रज्जाकभाई यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाले, “बाई, दया-बिया आपल्याकडं न्हाई. काम बराबर आलं तं ठेवतो. पहिलं शिकवा, मंग आना.” आणि काळी-तांबडी मिसळलेली अर्धं पोतं सरकी शिकवायला म्हणून दिली.

ती अर्धं पोतं सरकी मी सहा महिने वापरली. मथुरा आणि आणखी चार मुली सकाळी ताटं घेऊन बसायच्या. काळीचा ढीग, तांबडीचा ढीग. पाचला घंटा झाली की मी दोन्ही ढीग टोपल्यात ओतून चांगले कालवून ठेवायची, कारण दुसऱ्या दिवशी निवडायला तीच सरकी लागणार. घाई असली की मथुरालाच सांगायची, “कालव गं.” ती दोन्ही हातांनी, मन लावून कालवायची.

ती अठराची झाली आणि आसाराम तिला न्यायला आला. पिशवी, फडकं, सगळं बांधून घ्या म्हणाला. मी कामाचं सांगितलं तर मान हलवेना. “भावकी काय म्हनंन बाई? पोरीच्या जिवावर खाऊन राह्यला म्हनतील.” मग खाली बघत खरं बोलला. शेजारच्या गावात एक बिजवर होता, पदरात तीन पोरं. तो मथुराशी लग्न करायला तयार होता. “धुणं-भांडं करंन. त्यालाबी चालतंय. आमच्या माघारी हिला कोन बघंन?”

शेवटचा प्रश्न खरा होता, म्हणून माझा राग जास्तच पेटला. मी म्हटलं, “तिला कोणी विचारलंय का?” तो म्हणाला, “तिला काय कळतंय बाई.” तासभर वाद झाला. मथुराची मावशी, गंगाबाई, एमआयडीसीच्या बाजूला राहायची आणि रज्जाकभाईंच्याच शेडमध्ये कामाला जायची. तिनं पोरीला घरी ठेवायची तयारी दाखवली. शेवटी आसारामनं एक आठवडा कबूल केला. “शनिवारी येतो. जमलं तं राहू द्या मावशीपाशी. न्हाई तं म्या घेऊन जातो, मंग तुमी मधी बोलायचं न्हाई.” मी कबूल केलं. मला तिच्या हातांची खात्री होती.

सोमवारी मी स्वतः तिला बसवून आले. दुपारी रज्जाकभाईंनी तिच्या ताटातली मूठभर सरकी उचलली, उजेडात धरली, काही न बोलता परत ठेवली. त्यांच्याकडून हे कौतुकच होतं असं गंगाबाईंनी मला खुणेनं सांगितलं. मी शाळेत येऊन पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

मंगळवारी सकाळी शाळा उघडायच्या आत गंगाबाई दारात. “बाई, चला जल्दी. पोरीनं काल लई घोळ घातला.”

टेंपोत बसल्यावर तिनं सांगितलं. पाचची घंटा झाली. बाया पाय मोकळे करायला, तोंड धुवायला उठल्या. मथुरा उठली आणि तिनं आपला काळीचा ढीग अन् तांबडीचा ढीग एक केला. नीट कालवला. मग शेजारणीचा. मग तिच्या शेजारणीचा. गंगाबाई नळावरून येईपर्यंत सहा जणींची दिवसभराची निवड एका टोपल्यात कालवून झाली होती, आणि मथुरा हात झटकत उभी होती, काम संपवल्यासारखी.

मी शेडमध्ये शिरले तेव्हा बाया तोंडात मारल्यासारख्या बसल्या होत्या. एक जण म्हणाली, “येडीला आनायचं कशाला मानसात?” रज्जाकभाई दाराशी उभे. मथुरा मात्र आपल्या जागी ताट घेऊन बसली होती आणि कालवलेली सरकी पहिल्यापासून निवडत होती. तिला कशाचंच नवल वाटलेलं नव्हतं. आज सकाळी कालचंच कालवलेलं टोपलं समोर असणार, हे तिला सहा महिन्यांपासून माहीत होतं.

मला तेव्हाही कळलं नाही. मला फक्त आसाराम दिसत होता, शनिवार दिसत होता, आठ कंपन्या दिसत होत्या. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, “मथुरे, हे काय केलंस? मी तुला हेच शिकवलं का?”

तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “हो.” मला नीट कळावं म्हणून दोन्ही हात गोल फिरवून दाखवले. “बाई, तुमी रोज करता.”

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. शरमेनं माझे कान तापले होते. रज्जाकभाईंनी मला विचारलं, “म्हंजे? तुमी रोज निवडलेलं परत कालवत होते?” मी हो म्हटलं. आजवर आमच्या मुलांकडं लोक जसं बघत आले, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. “कमाल हाय बाई तुमची. मंग ते निवडायचं कशाला?”

मी म्हटलं, “चूक माझी आहे, तिची नाही. हे टोपलं मी निवडून देते.” आणि रजा टाकून तिथंच बसले. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पाठीचा काटा ढिला झाला, डोळ्यांपुढं काळं-तांबडं नाचायला लागलं. हळूहळू त्या बायाही आपापली ताटं घेऊन मदतीला सरकल्या. चार वाजता रज्जाकभाईंनी तपासणी केली. मथुराचं ताट पास. माझ्या ताटात त्यांना मूठभर तांबडी सापडली. गंभीरपणे म्हणाले, “बाई, तुमाला कामावर ठेवता येनार न्हाई.” बाया हसल्या. सकाळी मथुराला येडी म्हणणारी सगळ्यांत जास्त हसली.

पण पाचची घंटा तर रोज होणार होती. सहा महिन्यांची सवय माझ्या बोलण्यानं जाणार नव्हती. ‘कालवू नको’ असं मी तिला वीसदा सांगितलं, ती वीसदा ‘हो’ म्हणाली, आणि घंटा झाल्याबरोबर तिचे हात ढिगाकडं गेले. मी तिचे हात धरले तर ती घाबरली, कारण तिच्या हिशेबानं मी तिला काम अर्धवट सोडायला लावत होते. रज्जाकभाई हे बघत होते. ते रिकामी थैली घेऊन आले आणि मथुराला म्हणाले, “पोरी, तोंड धर.” तिनं थैलीचं तोंड धरलं. त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत तिची काळी सरकी आत ओतली आणि शिलाईचं मशीन खर्रकन फिरवलं. थैली शिवली गेली. “आता हे उद्या न्हाई. संपलं. हे शेतात जानार. उद्या नवं.”

मथुरानं शिवणीवरून बोट फिरवलं. उचकटून पाहिलं, उघडेना. मग ती हसली. इतक्या वर्षांत तिचं काम पहिल्यांदा कुठंतरी जाणार होतं. त्या दिवसापासून नियमच झाला. घंटा झाली की मथुरा थैलीचं तोंड धरणार, रज्जाकभाई शिवणार, आणि मगच ती उठणार. जे मी शिकवायला हवं होतं ते त्या माणसानं एका थैलीत शिकवलं.

शनिवारी आसाराम ठरल्याप्रमाणे आला, रिकामी पिशवी खांद्याला लावून. घंटेच्या वेळी शेडच्या दारात उभा राहिला. लेक थैली धरून उभी, मुकादम शिवतोय, हे त्यानं पाहिलं. रज्जाकभाई त्याला म्हणाले, “घेऊन जाता? खुशाल न्या. पन तिच्या जागी दोन बाया आनून द्या.” आसारामनं खांद्यावरची पिशवी खाली घेतली. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लेकीला विचारलं, “मथुरे, घरी येती का?”

ती म्हणाली, “सोमवारी बी शिवायचंय.”

तो एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, “बाई, त्या मानसाला न्हाई म्हून सांगतो मंग.” रिकामी पिशवी मावशीकडे ठेवून गेला, लेकीला उपयोगी पडेल म्हणून.

शाळेत आल्यावर मी कपाट उघडलं. पाकिटं! आमची मुलं चिकटवायची ती पाकिटं, कागद जास्त दिवस पुरावा म्हणून, आम्ही ओली करून उकलायचो आणि पुन्हा चिकटवायला द्यायचो. कलत्या मेणबत्त्या वितळवून पुन्हा ओतायचो. मोडके खडू कुटून पुन्हा पाडायचो. अकरा वर्षं हेच केलं होतं. मी त्या मुलांना सांगत होते की काम करा, आणि रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर करून दाखवत होते की तुमचं काम मोडण्यासाठीच असतं. किती जणांचे हात अठराव्या वर्षी हे शिकून घरी गेले असतील, आणि तिथं काही जमलं नाही म्हणून खोलीत बसले असतील, हा विचार आला की मला आजही अन्न जात नाही. त्या दिवसानंतर मी एकही वस्तू मोडू दिली नाही. सामान संपलं की वर्ग बंद, मुलांना घेऊन केलेला माल विकायला बाजारात. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, ‘साहित्याचा पुनर्वापर नाही.’ मी तो शेरा वाचून खूप दिवसांनी मनापासून हसले.

निवृत्त झाले त्या आठवड्यात मथुराला भेटायला गेले. तिला तिथं लागून बारा वर्षं झाली होती. रज्जाकभाई तोवर घरी बसले होते, थैली आता दुसरा कोणी शिवत होता. मथुरा ओळीत पहिल्या जागेवर. थोडी जाड झाली होती, कपाळाशी दोन केस पांढरे. मला बघून तोंडभर हसली. “बाई आल्या,” म्हणून शेजारणीला सांगितलं.

पाचची घंटा झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून वाकले. माझा हात पुढं आला तशी मथुराचं हसू थांबलं. तिनं झटकन दोन्ही हात पसरून आपला काळीचा ढीग झाकला आणि थैलीवाला येईपर्यंत, माझ्याकडं बघत, तशीच बसून राहिली.